फ्यूज खिशात

महापेच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेबाराला
सलाइनची अख्खी पिशवी टेबलावर रिकामी झाली.
पंप आमचा. कोडही आमचाच.
नशीब, नळीच्या दुसऱ्या टोकाला
स्टीलची वाटी होती, कुणाचा दंड नव्हता.

निहार म्हणाला, मॅडम, मर्यादा तर लिहिलीय,
ही बघा, चौदावी ओळ.
मी म्हटलं, आणि अकरावी?

अकराव्या ओळीवर ऑब्जेक्ट
जन्मता जन्मताच आपला पत्ता वाटून मोकळं झालं होतं:
आलो, तयार आहे, मारा हाका.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
गजराच्या यंत्रणेनं हाक मारली, त्यानं ओ दिली,
आणि चौदावी ओळ अजून यायचीच होती.
मर्यादेच्या खणात शून्य.
आमच्याकडे, कुणी ठरवलं कोण जाणे,
शून्य म्हणजे बंद नव्हे,
शून्य म्हणजे मर्यादाच नाही.

जुन्या नोंदी उघडल्या.
ठरवणारी ओळ चार वर्षांपूर्वीची.
खाली नाव माझं.

फडकं पिळताना आप्पा आठवले.
धर्मा मढवी, वायरमन, घणसोली गाव.
शेतं गेली तिथे इमारती आल्या,
त्यांतल्या निम्म्यांचे बोर्ड आप्पांनी बसवले.
आधी अर्थिंग. मग न्यूट्रल. मग फेज.
मेन सगळ्यात शेवटी, आणि तोवर फ्यूज
बोर्डावर नाही, हेल्परकडे नाही,
शर्टाच्या खिशात, विडीच्या बंडलाशेजारी.
बिल्डरचा माणूस खालून ओरडायचा,
उद्या पूजा आहे, पंखे फिरायला हवेत!
फिरतील, म्हणायचे. आधी घर तर होऊ दे.
एकदा शर्ट फ्यूजसकट धुतला गेला.
कोपरखैरण्यातली एक पूर्ण विंग
तो वाळेपर्यंत अंधारात,
आणि आई महिनाभर खिसे चाचपत राहिली.

पहाटेपर्यंत आम्ही क्रम लिहिला.
जन्म एका खोलीत, जिला बाहेरून कडी नाही.
आधी आईबापांकडून आलेलं भरायचं,
मग स्वतःचं, एकेक खण.
रिकामा खण रिकामाच दिसला पाहिजे,
शून्याचा सदरा घालून बसता कामा नये.
सगळं भरेपर्यंत नाव एकच: अर्धवट.
अर्धवटला 'वाहा' म्हणताच येत नाही,
ते क्रियापदच त्याच्या वाट्याला नाही.
खण तपासले, की ते नाव काढून घ्यायचं
आणि 'तयार' बाहेरच्याच्या हातात ठेवायचं.
पत्ता कुणाला सांगायचा ते देणारा बघेल.
जन्मणाऱ्यानं स्वतःची दवंडी पिटू नये.

एका पंपासाठी तीन पानं वाढली, निहार म्हणाला.
हो, म्हटलं.
मग त्यानं गंमत म्हणून
अकरावी ओळ गुपचूप परत घातली.
तांबडी रेघ.
वळसा घालून घातली, दुसऱ्या नावानं घातली.
तांबडी रेघ.
यंत्र अडून बसलं होतं, माणूस झोपलेला असताना
जसं कुणीतरी अडून बसायला हवं असतं.
आम्ही दोघं खाली उतरलो.
एमआयडीसीच्या रस्त्यावर टपरीवाल्याचा स्टोव्ह
नुकता पेटत होता. त्यानं हातानंच सांगितलं,
थांबा, उकळायचाय.

घरी आप्पा जागेच होते.
काय झालं गो रातभर?
काय सांगू, खण, ओळी, पत्ते?
म्हटलं, फ्यूज खिशात ठेवायचा राहिला होता.
ते हसले नाहीत.
काम सोडून नऊ वर्षं झाली,
तरी त्यांचा हात आपोआप
छातीवरच्या खिशाशी गेला,
आणि खिसा रिकामा आहे हे कळूनही
थोडा वेळ तिथेच राहिला.